उघाडी

शनिवारी परीक्षा. महापे, तिसरा मजला, सकाळी आठ.
ओळखपत्र मूळ हवं, झेरॉक्स चालणार नाही.
आज बुधवार. घणसोली गावठाण, पाणी यायची वेळ.
मोटर लावून मी जिन्यात बसलेय,
पुस्तक मांडीवर, कान गच्चीवरच्या टाकीकडे.

चार प्रकार, असं पुस्तक म्हणतं.
पहिलं व्यवसायाचं : कोण काय करतं, आणि कुणाच्या शब्दाखातर.
मग माहितीचं : काय कुठे नोंदलंय, ते खरं कुणाचं.
मग ॲप्लिकेशनचं, जे एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगतं.
आणि सगळ्यांच्या तळाशी तंत्रज्ञान,
वायरी, यंत्रं, रात्रंदिवस गार ठेवलेल्या खोल्या.
पाठ आहे. चौथ्यांदा पाठ आहे.
पाठ होणं आणि कळणं यांच्या मधल्या जिन्याला
आमच्या जिन्यासारखाच कठडा नाही.

म्हणून घरच घेतलं उदाहरणाला.
कुणाला खोली द्यायची ते आई ठरवते, हा व्यवसाय.
भाडेकरूंची वही गोदरेजच्या कपाटात, ही माहिती.
इथवर जमलं.
मग मोटर म्हणजे ॲप्लिकेशन की तंत्रज्ञान?
की ॲप्लिकेशन म्हणजे मीच,
जी पाणी आलं की खाली धावते आणि बटण दाबते?
पुस्तकात माझ्यासाठी चौकोन नाही.

भिंतीवर तक्ता चिकटवलाय, सेलोटेप सुटत चाललेला.
डावीकडे 'आज', उजवीकडे 'उद्या', मध्ये बाण.
जोमाकाका चहा घेऊन त्याच्यासमोर उभा राहतो,
ब्याऐंशीचा, एका डोळ्याने.
"दार कोन राखतं?" विचारतो.
कसलं दार, काका?
"या चौकटीतून त्या चौकटीत काय तरी जातं ना?
मंग दार आसंलच. कोन उघरतं, कोन लावतं?"

महिनाभर क्लासला जाऊन
हे मला कुणी विचारलं नव्हतं.

तो उघाडी राखायचा. खाजणाच्या बांधातली फळ्यांची झडप :
ओहोटीला उघडून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं,
भरतीला पाडून खारं पाणी बाहेर अडवायचं.
घड्याळ नव्हतं, तिथी होती.
अष्टमीला भांग, पुनवेला उधाण,
उधाणाच्या रात्री काका बांधावरच निजायचा.
ती फळी ज्या जागी होती
तिथे आता काचेची इमारत आहे, खिडक्या न उघडणारी,
आणि आत माझ्या कंपनीचे सर्व्हर.
तळाचा थर म्हणजे तंत्रज्ञान, असं पुस्तक म्हणतं.
तळाच्या खाली काय, ते अभ्यासक्रमाबाहेर.

प्रकरण सात. तफावतीचा तक्ता.
जुनं उभं मांडायचं, नवं आडवं.
जे जुन्यात आहे आणि नव्यात सापडत नाही
ते शेवटच्या रकान्यात लिहायचं,
आणि प्रत्येकापुढे नोंद करायची :
मुद्दाम वगळलं, की नजरचुकीने राहिलं?

या ओळीवर मी दोन दिवस अडकून आहे.
परीक्षेला ती दोन गुणांची.

शहराचाही असाच तक्ता झाला असणार,
निळ्या रेषांचा, नोडांचा, सेक्टरांचा,
कुणीतरी चांगल्या मनाने, धारदार पेन्सिलीने काढलेला.
साडेबारा टक्के कुठे मिळाले, कुठे फायलीत राहिले,
त्याची वही कपाटात आहे.
पण फळीचं काय? तिथीचं काय?
मुद्दाम, की नजरचुकीने?

काका बोट फिरवतो माझ्या 'उद्या'वरून,
हळू, बाणाबाणाने.
"याच्यान आपली उघारी कं हाय?"

मी उत्तर शोधतेय तोवर टाकी भरून वाहिली.
पाणी जिन्यावरून, माझ्या चपलांवरून, दारातून गल्लीत.
नव्या गटाराला वळसा घालून
पश्चिमेला निघालं, जुन्या उताराने,
खाडी जिकडे होती तिकडे.
मोटर काकानेच बंद केली, बटणाकडे न बघता.

प्रकरण सात भिजलंय.
पानं पंख्याखाली पसरली आहेत.
शेवटच्या रकान्यातली शाई थोडी फुटली,
पण वाचता येतंय.